क्लोन शिपायांचा पगार

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा बारा वर्षांचा पुतण्या छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे राहायला आला होता, आणि रोज दुपारी कूलरसमोर बसून आम्ही दोघे ‘स्टार वॉर्स’मधील क्लोन युद्धांची ॲनिमेशन मालिका पाहत असू. एका लढाईत पांढऱ्या चिलखतांतील अख्खी तुकडी गारद झाली, तेव्हा त्याने विचारले, “काका, यांना पगार किती असतो?”

मी हे क्लोन शिपाई २००२ च्या चित्रपटापासून ओळखतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एकाच माणसापासून घडवलेले, दुप्पट वेगाने वाढवलेले आणि निमूट आज्ञा पाळावी म्हणून जन्माआधीच फेरफार केलेले हे सैन्य. आणि त्यांचे सेनापती कोण, तर न्यायाचे व्रत घेतलेले जेडाय. मालिकेच्या पहिल्याच भागात जेडायांचा वयोवृद्ध गुरू योडा तीन शिपायांना शिरस्त्राणे काढायला लावतो आणि तुम्ही प्रत्येक जण वेगळे आहात, असे त्यांना समजावतो. हा प्रसंग मला फार आवडायचा. आता तोच सर्वांत जास्त खटकतो. शिपायांना यंत्रे समजणाऱ्या सेनापतीला निदान अज्ञानाची सबब तरी आहे, पण ज्याला त्यांच्यातला माणूस दिसला, त्याने ‘तुम्हाला लढायचे आहे का?’ एवढे विचारू नये?

जेडायांनी नकार दिला असता तर हेच शिपाई एखाद्या निर्दयाच्या हाती गेले असते, हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. शत्रू समोर असताना तो पुरतोही. मात्र लढाई संपल्यावर पगार, रजा आणि सैन्य सोडण्याचा हक्क यांबद्दल बोलायला कोणाची आडकाठी होती? मालिकेत एक क्लोन सैन्य सोडून शेती करतो, लग्न करतो, तर त्याची गणना पळपुट्यांत होते.

आमच्या शहराला हा पेच अगदीच परका नाही. १६१० मध्ये खडकी या नावाने ते वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आला. मालकाच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला, निजामशाहीचा कारभारी झाला, १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा त्याने एकत्रच हरवल्या. आणि त्याच्या सैन्यात गुलाम म्हणून आणलेले हबशीही होते. त्याचे मोठेपण मी नाकारत नाही, तरी रोज त्यानेच बांधलेल्या भडकल दरवाज्यावरून जाताना हे मनात येतेच. फरक एवढाच, की अंबरला गुलामीतून बाहेर पडायची वाट सापडली. क्लोनसाठी ती ठेवलेलीच नाही.

मालिकेतला जेडाय सेनापती अनाकिनही जन्माने गुलाम. चौथ्या पर्वात गुलामांच्या व्यापाऱ्यांवर तो जिवाच्या संतापाने तुटून पडतो. त्याच मोहिमेत त्याचा क्लोन कॅप्टन रेक्सही गुलामांत पकडला जातो आणि शेवटी गुलाम केलेल्या एका वसाहतीच्या लोकांबरोबर सुटतो. ते लोक घरी जातात. रेक्स छावणीत परततो.