एकच बाजीराव, वय वर्षं दीडशे

पेशव्यांच्या भट घराण्याचा गुंता एकदाचा सुटला. इंटरनेटवरच्या सामाईक वंशवृक्षात (तिथे कुणीही भर घालू शकतो) कुणीतरी दोन्ही बाजीराव एकत्र करून ठेवले होते. जन्म १७००, मृत्यू १८५१, मुक्काम बिठूर! तरी कुणाला खटकलं नाही, कारण बाकी सगळं चोख जुळत होतं. दोघांचेही भाऊ चिमाजी, दोघांचेही चिरंजीव नानासाहेब. 'हे दोघे एकच' असं सुचवायला संगणकाला एवढं पुरतं.

मेख रघुनाथरावांपाशी. थोरले बाजीराव त्यांचे वडील, दुसरे बाजीराव त्यांचा मुलगा. दोघांना एक केल्यावर राघोबादादा आपल्याच बापाचे बाप होऊन बसले. नानासाहेब जन्माने १७२० चे, म्हणजे कानपूरला इंग्रजांशी लढले तेव्हा १३६ वर्षांचे!

'एकत्रीकरण रद्द' चालेना, कारण त्यानंतर चार जणांनी त्यात भर घातली होती. मग बदलांच्या इतिहासातून पुसलेली नोंद परत आणली आणि एकेक नातं हलवलं. आधी परत आणलेल्या नोंदीला जोडायचं, मग एकत्र झालेल्या नोंदीतून सोडवायचं. उलट केलं की माणसं अधांतरी राहतात आणि पुन्हा शोधत बसावं लागतं.

सुरुवात चिमाजींपासून केली, तिथे नाती कमी. वसईचे चिमाजी १७४० मध्येच वारले, सदाशिवरावभाऊ त्यांचे. दुसरे चिमाजी १७९६ मध्ये थोडे दिवस पेशवे होते. त्यांना सवाई माधवरावांच्या मांडीवर दत्तक दिल्यामुळे वडील दोन, म्हणून ते दोनदा नोंदले गेले होते. ते मात्र खरोखरच एकत्र करावे लागले. दत्तकाची ही गंमत आपल्याकडे घरोघर सापडेल. मग बाजीराव: काशीबाई, मस्तानी आणि रावेरखेडीचा मृत्यू (२८ एप्रिल १७४०) थोरल्यांकडे; आई आनंदीबाई, धारचा जन्म (१७७५) आणि १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब धाकट्यांकडे. दोन्ही नोंदींवर 'जुळत नाही' अशी खूणही करून ठेवली, नाहीतर पुढचा उत्साही येऊन परत शिवून टाकेल.

हे सोपं होतं, कारण पेशव्यांच्या तारखा मिळतात. आता घरचं काम. आमच्याकडे एकाआड एक पिढीत विष्णू गणेश, गणेश विष्णू, पुन्हा विष्णू गणेश. आडनाव तेच, गाव तेच. वडिलांचं नाव जुळलं म्हणून माणूस तोच, हे आपल्याकडे धरताच येत नाही. त्यापेक्षा बायकोचं माहेरचं आडनाव आणि श्राद्धाची तिथी जास्त भरवशाची.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतल्या (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वहीतल्या) एका पानाचा फोटो हाती आलाय. लेख मोडीत, शके १७९२. लिहिणाऱ्या विष्णूने बाप, आजा, पणजा, भाऊ ओळीने दिलेत आणि खाली सही. म्हणजे त्या साली हा विष्णू हयात होता, हे पक्कं. वृक्षात मात्र कुणीतरी १७९२ हे सरळ इसवी सन म्हणून चढवलंय. शकात ७८ मिळवायचे राहिले की माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे जातो आणि नेमका आपल्याच नावाच्या आजोबांवर जाऊन बसतो. आमच्या विष्णूंचं तेच झालंय. आधी या शाखेतल्या सगळ्या सालांपुढे शक की सन हे लिहून काढणार, मग जमिनीचे जुने फेरफार. वारसनोंदीत कोण कुणामागे लागला ते कळलं की तोडायला घेतो.