मार्च अंकाची डेडलाइन

आमचा मार्च अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता आणि शेवटचं प्रूफ माझ्या हातात होतं. जॉन डब्ल्यू. कॅम्बेलवरचा लेख. 1937 च्या अखेरीस, सत्ताविसाव्या वर्षी ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाचा संपादक झालेला आणि 1971 मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीवरून न उठलेला माणूस. खुर्ची मिळाल्यावर त्याचं स्वतःचं कथालेखन जवळजवळ थांबलं. (हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.)

चौथ्या पानावर अडखळलो. 1944 मध्ये लष्करी गुप्तचर खात्याचा माणूस कॅम्बेलच्या कचेरीत येऊन धडकतो. पण का, ते कुठेच नाही!

लेखकाची दुरुस्ती-प्रत काढली. ‘एका कथेमुळे’ हे शब्द खोडून त्यांनी समासात लिहिलं होतं : डेडलाइन, मार्च अंक.

डीटीपीचा मुलगा नवा. तो म्हणाला, “सर, मला वाटलं, ती माझ्यासाठी सूचना आहे. आपलाही मार्चच आहे ना!” ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. रोज समासात ‘डेडलाइन’ खरडणारा मीच.

‘डेडलाइन’ ही क्लीव्ह कार्टमिलची कथा. त्या वर्षीच्या मार्च अंकातली. युरेनियम-235 च्या बॉम्बचं वर्णन त्यात असं होतं, की मॅनहॅटन प्रकल्पाची, म्हणजे अमेरिकेच्या गुप्त अणुबॉम्ब-योजनेची, माहिती फुटल्याचा संशय आला. कॅम्बेलचं म्हणणं होतं, हे सगळं आधीच छापलेल्या मजकुरातून घेतलंय. आणि अणूवरच्या कथा आता एकदम बंद केल्या, तर त्यावरूनच लोक ओळखतील. आमचं पानही तसंच पकडलं गेलं होतं, गाळलेल्या जागेमुळे.

मग बाकीच्या लेखातही गाळलेलं शोधायला लागलो. 1950 नंतरचा कॅम्बेल जवळपास गायब! एल. रॉन हबर्डच्या डायनेटिक्स या वादग्रस्त मनोपचार पद्धतीची त्याने केलेली भलामण नाही, वंशभेदाची पाठराखण करणारी संपादकीयं नाहीत, नवोदित विज्ञानकथाकारांच्या पुरस्कारावरून 2019 मध्ये त्याचं नाव काढलं तेही नाही. लेखकाला फोन लावला.

“अहो, गौरवलेख आहे हा.”

“सर, मुलाने चुकून गाळलं. तुम्ही मुद्दाम गाळलंत.”

बराच वेळ शांतता. मग त्यांनी तीन वाक्यं सांगितली, धुसफुसतच. ती बसवायला फोटो लहान केला.

रात्री मुलाने विचारलं, “सर, डेडलाइन ठेवायची ना?”

“ठेव. अवतरणचिन्हांत.”