दीड वर्षाचा पूल : सबव्हर्जन आणि गिट एकत्र चालवताना आलेला माझा अनुभव

सबव्हर्जन आणि गिट या कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या दोन प्रणाली आहेत. आमच्या प्रकल्पाचा कोड अनेक वर्षे सबव्हर्जनमध्ये होता. बिल्ड सर्व्हर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारे यंत्र) तिथूनच कोड उचलत असे, रिलीजच्या नोंदी तिथल्या रिव्हिजन नंबरांवरून (प्रत्येक बदलाला मिळणाऱ्या क्रमांकांवरून) होत, आणि चाचणी करणारे सहकारीही ‘अमुक रिव्हिजनमध्ये हा दोष दिसतो’ असेच लिहीत. नव्याने आलेल्या मंडळींना मात्र गिटची सवय होती, आणि पुढेमागे सगळे गिटवर न्यायचे हेही ठरलेले होते. एका रात्रीत हे स्थलांतर होण्यासारखे नव्हते, म्हणून मधल्या काळात दोन्हीकडचे बदल जुळते ठेवण्याचे, म्हणजे दोन्हींमधला पूल चालवण्याचे, काम माझ्याकडे आले. हा मधला काळ दोन-तीन महिन्यांचा असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो दीड वर्ष चालला.

हे काम म्हणजे दोन फोल्डर सारखे ठेवणे नव्हे, हे कळायला मला बराच वेळ लागला. सबव्हर्जनमध्ये संपूर्ण रिपॉझिटरीला (कोड आणि त्याचा इतिहास यांच्या साठ्याला) मिळून एकच चढता रिव्हिजन नंबर असतो आणि तो सर्व्हर देतो. बदल कोणी केला आणि केव्हा केला, हेही सर्व्हरच लॉगिनवरून आणि स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. गिटमध्ये कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) ओळख म्हणजे त्याचा हॅश, गणिताने काढलेला एक ठसा, आणि तो हॅश फाइलींची स्थिती, आधीचा कमिट, लेखक, वेळ आणि संदेश या सगळ्यांवरून काढलेला असतो. यातले एक अक्षर बदलले तरी गिटच्या दृष्टीने तो वेगळाच कमिट ठरतो. याचा अर्थ असा की, गिटमधला कमिट सबव्हर्जनकडे जाऊन परत आला, तर तो जसाच्या तसा परत येऊच शकत नाही. हे मी कागदपत्रांत वाचले होते आणि मला ते समजले आहे असेही वाटले होते.

साधन म्हणून गिटसोबतच मिळणारे, गिटला सबव्हर्जनशी जोडणारे गिट-एसव्हीएन निवडले. पहिला क्लोन (इतिहासासह पूर्ण प्रत) घेताना सबव्हर्जनच्या प्रत्येक लॉगिननावापुढे त्या व्यक्तीचे पूर्ण नाव आणि ईमेल लिहिलेली लेखकांची फाइल आम्ही दिली. तीत एखादे नाव नसेल तर क्लोन त्या रिव्हिजनवर थांबतो. आमच्याकडे तो पाच-सहा वेळा थांबला, कारण पूर्वी काम सोडून गेलेल्यांची लॉगिननावे कोणालाच आठवत नव्हती. नाव भरून फेच (बदल उतरवून घेण्याची आज्ञा) पुन्हा चालवला की काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते, ही मोठी सोय आहे. तरीही प्रत्येक रिव्हिजन नेटवर्कवरून एकेक करून येत असल्यामुळे सगळा इतिहास उतरायला दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या.

सुरुवातीला आम्ही सोपा मार्ग धरला. गिट सर्व्हरवर मेन ब्रँच (मुख्य शाखा) ठेवली, सगळ्यांनी तिच्यावर पुश करायचे (आपले कमिट पाठवायचे), आणि मी दिवसातून दोनदा ते कमिट डीकमिट या आज्ञेने सबव्हर्जनकडे पाठवायचे. डीकमिट एकेक कमिट पाठवतो, सर्व्हरकडून रिव्हिजन नंबर मिळाल्यावर तो बदल परत आणतो, आणि संदेशाच्या शेवटी ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ अशी एक ओळ जोडतो, जिच्यात सबव्हर्जनची यूआरएल, रिव्हिजन नंबर आणि रिपॉझिटरीचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) असतो. ती ओळ जोडली गेली की हॅश बदलला. परिणामी माझ्या यंत्रावरची मेन आणि सर्व्हरवरची मेन पहिल्याच डीकमिटनंतर वेगळ्या झाल्या. मी बळजबरीने पुश केले, म्हणजे सर्व्हरवरच्या इतिहासाच्या जागी माझा इतिहास बसवला. सहकाऱ्यांनी पुल केल्यावर (सर्व्हरवरचे बदल ओढून घेतल्यावर) त्यांच्याकडचे जुने कमिट आणि सबव्हर्जनहून फिरून आलेले नवे कमिट यांचा मर्ज (एकत्रीकरण) झाला, आणि आठवड्याभरात एकच बदल इतिहासात दोन-दोनदा दिसू लागला. कोणता खरा, हे विचारायला लोक माझ्याकडे येत होते आणि माझ्याजवळ नीट उत्तर नव्हते.

त्या आठवड्याच्या शेवटी मी सगळे थांबवले आणि एक निर्णय लिहून काढला, जो पुढे शेवटपर्यंत टिकला. मुख्य ब्रँचचा क्रम कोणी एकानेच ठरवायचा, आणि जोवर रिलीज सबव्हर्जनमधून होतात तोवर तो अधिकार सबव्हर्जनचा. गिट सर्व्हरवरची मेन ब्रँच सगळ्यांसाठी बंद केली. तिच्यावर पुश करण्याची परवानगी फक्त पुलाच्या खात्याला. सहकाऱ्यांनी आपापल्या कामाच्या ब्रँचेस पुश करायच्या. तपासणी होऊन मान्य झालेली ब्रँच पुलाची स्क्रिप्ट उचलते, सबव्हर्जनमधले ताजे बदल फेच करते, त्यांच्यावर ती ब्रँच रिबेस करते (तिचे कमिट त्यांच्यापुढे नव्याने रचते), डीकमिट करते, आणि सबव्हर्जनहून परत आलेला इतिहास मेनवर पुश करते. सबव्हर्जनचा इतिहास फक्त पुढेच वाढतो, त्यामुळे हा पुश नेहमीच फास्ट-फॉरवर्ड (जुन्याला हात न लावता पुढे भर घालणारा) असतो आणि बळजबरीची गरजच उरत नाही. रिबेसमध्ये संघर्ष आला (एकाच जागी दोन वेगळे बदल भिडले) तर स्क्रिप्टने स्वतः काहीही सोडवायचे नाही. ब्रँचच्या मालकाला निरोप पाठवून थांबायचे.

याची किंमत होती. ब्रँच मेनमध्ये गेली की तिच्यातले जुने हॅश निरुपयोगी होतात, म्हणून ती पुसून नवी ब्रँच ताज्या मेनवरूनच काढावी लागे. कामाच्या ब्रँचेसचे मर्ज कमिटही (दोन ब्रँचेस जोडणारे कमिट) मुख्य इतिहासात ठेवता येत नव्हते, कारण सबव्हर्जनकडे सरळ रेषेतलाच इतिहास सुखरूप जातो. काही जणांना हे खटकले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण दुहेरी कमिटचा गोंधळ त्या दिवसापासून कायमचा थांबला.

एक चूक मात्र मी याही नंतर केली, आणि ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ती सहज घडते. देखभालीच्या रिलीजसाठी सबव्हर्जनमध्ये एक ब्रँच काढलेली होती आणि तिच्यातली दुरुस्ती ट्रंकमध्ये (सबव्हर्जनच्या मुख्य शाखेत) आणायची होती. स्क्रिप्ट अशा कामासाठी लिहिलेली नसल्याने मी ते हाताने केले. मेनवर उभे राहून रिलीज ब्रँच मर्ज केली. ब्रँच निघाल्यापासून ट्रंकवर नवा बदल झालेलाच नव्हता, त्यामुळे गिटने मर्ज कमिट न करता मेनचा दर्शक नुसता पुढे सरकवला. मग त्यावर माझा एक छोटा बदल करून मी डीकमिट चालवला. डीकमिट कोणत्या ब्रँचकडे पाठवायचे हे तुम्ही गिटमध्ये कोणत्या नावाच्या ब्रँचवर आहात यावरून ठरवत नाही. तो इतिहासात मागे जात पहिली गिट-एसव्हीएन-आयडीची ओळ शोधतो आणि तिच्यातल्या यूआरएलकडे पाठवतो. ती ओळ आता रिलीज ब्रँचची होती. ट्रंकसाठी केलेला बदल थेट गोठवलेल्या रिलीज ब्रँचमध्ये गेला. ‘या यूआरएलवर कमिट करत आहे’ अशी ओळ पडद्यावर आलीसुद्धा होती. मी ती वाचली नाही. सबव्हर्जनमध्ये गेलेला कमिट पुसता येत नाही, म्हणून उलटा मर्ज करून तो बदल काढला आणि रिलीजची जबाबदारी असलेल्या ताईंना स्वतः जाऊन सांगितले. त्या दिवसापासून आमच्या स्क्रिप्टमध्ये डीकमिटच्या आधी ड्राय-रन (काहीही न पाठवता केलेली रंगीत तालीम) चालतो, त्यातली यूआरएल अपेक्षित यूआरएलशी अक्षरशः ताडून पाहिली जाते, आणि सबव्हर्जनच्या ब्रँचेसमधला मर्ज नेहमी नो-फास्ट-फॉरवर्डनेच, म्हणजे वेगळा मर्ज कमिट करूनच, होतो.

लेखकाच्या नावाचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या किरकोळ, पण माणसांच्या दृष्टीने मोठा होता. पूल एकाच खात्याने सबव्हर्जनमध्ये लिहीत असल्यामुळे सगळ्यांचे काम त्या खात्याच्या नावावर पडू लागले. एका सहकाऱ्याने महिनाभर खपून लिहिलेला भाग इतिहासात यंत्राच्या नावाने दिसत होता, आणि ते त्याला लागले होते. गिट-एसव्हीएनमध्ये यासाठी दोन सेटिंग आहेत. एक सेटिंग पाठवताना मूळ लेखकाचे नाव संदेशाच्या शेवटी ‘फ्रॉम’ या ओळीत लिहिते, आणि दुसरे बदल परत आणताना त्या ओळीवरून लेखक ठरवते. दोन्ही एकत्र लावल्यावर गिटमध्ये नावे बरोबर येऊ लागली, आणि सबव्हर्जनचा लॉग वाचणाऱ्यालाही संदेशात नाव सापडू लागले. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

दोन्ही प्रणाली ‘तुमची प्रत जुनी आहे’ असे कधी म्हणतात, यातला फरक माझ्या लक्षात उशिरा आला. गिट संपूर्ण ब्रँचचे टोक पाहतो. कोणीही काहीही पुढे ढकलले असेल तर तुमचा पुश नाकारतो. सबव्हर्जन फक्त तुम्ही बदललेल्या फाइली पाहतो. पुलाने फेच केल्यापासून डीकमिट करेपर्यंतच्या काही सेकंदांत दुसऱ्या कोणी वेगळ्याच फाइलीत कमिट केला, तर दोन्ही बदल बिनतक्रार आत जातात आणि कोणीही तपासलेली नाही अशी एकत्रित स्थिती ट्रंकवर तयार होते. आमच्याकडे एकदा असेच झाले: एका बाजूने फंक्शनचे नाव बदलले गेले, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने जुन्या नावाने त्याला नव्या फाइलीतून हाक मारली गेली, आणि बिल्ड तुटला. ही फट पुलाला बुजवता येत नाही. म्हणून डीकमिटनंतर परत आलेल्या स्थितीवर बिल्ड आणि चाचण्या पुन्हा चालवायच्या, असा नियम केला.

अर्धवट जाण्याचाही प्रश्न होता. आमच्या सबव्हर्जन सर्व्हरवरचा प्री-कमिट हुक (कमिट स्वीकारण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) संदेशात कामाचा क्रमांक मागत असे. पाच कमिटांपैकी तिसऱ्यात तो क्रमांक नसला तर पहिले दोन आत गेलेले असत आणि उरलेले तीन अधांतरी राहत. तेव्हापासून स्क्रिप्ट पाठवण्याआधीच पाचही संदेश तपासू लागली.

सगळ्यात कठीण दिवस पुलाचे यंत्र बंद पडले तो. डिस्क गेली आणि तिच्यासोबत रिव्हिजन नंबर व हॅश यांची जोडी ठेवणाऱ्या रेव्ह-मॅप फाइलीही गेल्या. मी नव्या यंत्रावर पुन्हा क्लोन घेतला, तीच लेखकांची फाइल दिली, तीच सेटिंग लावली, आणि मेनवर पुश केला, तर सर्व्हरने तो नाकारला. दोन्ही इतिहासांचा एकही हॅश जुळत नव्हता. मी दोन्हीकडचा अगदी पहिला कमिट कच्च्या रूपात उघडून एकाखाली एक ठेवला. फाइलींच्या झाडाचा हॅश तोच होता, लेखक तोच, वेळ सेकंदापर्यंत तीच. फरक फक्त शेवटच्या ओळीत होता: जुन्या यंत्रावरून आम्ही एसएसएचमार्गे जोडत होतो, नव्यावरून एचटीटीपीएसमार्गे, आणि गिट-एसव्हीएन-आयडीच्या ओळीत ती वेगळी यूआरएल उमटली होती. पहिला हॅश बदलला म्हणून त्यावर उभा असलेला प्रत्येक हॅश बदलला होता. मेन ब्रँचवर बळजबरीचा पुश बंद नसता, तर त्या सकाळी सगळ्यांचा इतिहास पायापासून बदलला असता.

उपाय दोन होते. रीराइट-रूट हे सेटिंग लावून नवा क्लोन घेतला, तर प्रत्यक्ष जोडणी कुठूनही असली तरी ओळीत जुनीच यूआरएल लिहिली जाते. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे गिट सर्व्हरवरचीच प्रत घेणे, तिच्यात रीराइट-रूटसह तीच सेटिंग भरणे, आणि ट्रंकचा दूरस्थ संदर्भ (सबव्हर्जनचे ट्रंक कुठवर आले हे दाखवणारी खूण) मेनच्या टोकावर ठेवून फेच चालवणे. रेव्ह-मॅप फाइली नसतील तर गिट-एसव्हीएन संदेशांतल्या त्या ओळी वाचून त्या पुन्हा तयार करतो. त्यामुळे दोन दिवसांचे काम काही मिनिटांत झाले. त्या ओळी संदेशात नकोत, असे सुरुवातीला अनेकांचे मत होते, आणि नो-मेटाडेटा हा पर्याय वापरून त्या टाळताही आल्या असत्या. तसे केले असते तर डीकमिट शक्यच झाला नसता आणि हा उपायही हाती राहिला नसता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. गिट रिकाम्या डिरेक्टरी ठेवत नाही, त्यामुळे बिल्डला लागणाऱ्या रिकाम्या डिरेक्टरींत एकेक छोटी फाइल टाकावी लागली. विंडोजवर काम करणाऱ्यांच्या फाइलींत ओळीच्या शेवटाची चिन्हे बदलून येत आणि सबव्हर्जनच्या फरकात अख्खी फाइल बदललेली दिसे. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल, जिच्यात ही चिन्हे कशी ठेवायची ते लिहिता येते, ठरवून दिल्यावर ते थांबले. सबव्हर्जनमध्ये हुकने परवानगी दिली तर जुन्या कमिटचा संदेश मागाहून बदलता येतो, पण गिटकडे एकदा आलेली रिव्हिजन पुन्हा वाचली जात नाही, म्हणून ती परवानगी काढून घेतली.

दोन्ही बाजू खरोखर सारख्या आहेत यावर माझा विश्वास बसावा म्हणून रोज रात्री एक तपासणी चालत असे. सबव्हर्जनमधून एक्स्पोर्ट (इतिहासाविना नुसत्या फाइलींची प्रत) काढायचा, कीवर्डचा विस्तार (फाइलीतल्या खुणांच्या जागी रिव्हिजन, तारीख वगैरे भरणे) न करण्याचा पर्याय लावायचा, कारण गिटकडे ते कीवर्ड विस्तार न होताच येतात; गिटमधून तेवढ्याच रिव्हिजनच्या कमिटचे आर्काइव्ह काढायचे; आणि दोन्ही डिरेक्टरींची फाइलवार तुलना करायची. शेवटच्या दिवशी सबव्हर्जनमध्ये लिहिणे बंद केल्यावर मी हीच तुलना हाताने चालवली. फरक एकही आला नाही. मग गिट-एसव्हीएनने दूरस्थ ब्रँचेस म्हणून आणलेल्या जुन्या टॅगांचे (ठरावीक स्थितींना दिलेल्या नावांचे) गिटचे खरे टॅग केले, मेनची परवानगी सगळ्यांसाठी खुली केली, आणि पुलाची स्क्रिप्ट, तिची सेटिंग आणि ती लेखकांची फाइल त्याच रिपॉझिटरीत ठेवून पुश केली.