सोंदरहोचं बदकांचं तळं

१२ ऑक्टोबर, रविवार

रानबदक माणूस दिसला की उडतं आणि दुसरं बदक दिसलं की उतरतं. डेन्मार्कच्या फानो बेटावरचा बदकं पकडायचा तो जुना सापळा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. आज तो प्रत्यक्ष पाहिला. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत, झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

एस्बिअरहून फेरीबोटीने बाराएक मिनिटांत नॉर्दब्यू, तिथून बसने बेटाच्या दक्षिण टोकाला सोंदरहो. गवताने शाकारलेली बुटकी घरं सगळी पूर्व-पश्चिम बांधलेली, म्हणजे पश्चिमेचा वारा घराच्या अरुंद बाजूवर येतो. इथल्या लोकांनी १७४१ साली राजाकडून लिलावात आपलं बेटच विकत घेतलं आणि पुढे शे-दीडशे वर्षं जहाजांवर पोट भरलं. गाव फार देखणं आहे, पण आज माझं लक्ष गावात नव्हतं.

गावाबाहेर वाळूच्या टेकड्या आणि हेदरची खुरटी झुडपं. त्या उघड्या माळावर एकदम दाट झाडी दिसते. तीच जुनी फुगलेकोये, म्हणजे बदकं पकडायचं तळं, १८६६ साली केलेली. झाडं मुद्दाम लावलेली आहेत, कारण बदकांना आडोसा आणि शांतता लागते. आत शिरलं की वारा थांबतो आणि समोर गोड्या पाण्याचं छोटं तळं येतं. बाहेर मैलोन् मैल खाऱ्या पाण्याची दलदल. भरती आली की तिथली बदकं विसाव्याला आणि गोड्या पाण्याला इकडे यायची.

तळ्याच्या कोपऱ्यांतून पाण्याचे चर निघतात. प्रत्येक चर गाईच्या शिंगासारखा वाकडा आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा. त्यावर कमानी, कमानींवर जाळं. तळ्यातून पाहिलं तर वळणामुळे चराचं टोक दिसतच नाही, नुसतं पाणी आत जाताना दिसतं. चराच्या कडेने बोरूचे उंच ताटवे तिरके लावलेले, एकामागे एक. मी त्यांच्यामागून चालत गेले. दोन ताटव्यांच्या फटीतून मला तळं दिसत होतं आणि तळ्यावरून मी कुणाला दिसत नव्हते. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

तळ्यात पंख छाटलेली पाळीव बदकं असायची. राखणदार ताटव्याआडून चराच्या पाण्यात धान्य फेकायचा. पाळीव बदकांना ते रोजचंच, ती निवांत पोहत आत जायची. दमून आलेली रानबदकं त्यांच्या मागोमाग. ती पुरेशी आत आली की राखणदार त्यांच्या मागच्या बाजूला, चराच्या तोंडाशी, अचानक उभा राहायचा. तळ्याकडे परतायची वाट बंद. रानबदकं घाबरून पुढे, आणखी अरुंद भागात झेपावायची, ती थेट शेवटच्या पेटीत. पाळीव बदकं मात्र माणसाला भ्यायची नाहीत. ती शांतपणे वळून परत तळ्यावर यायची, पुढच्या थव्याला सोबत करायला.

पेटीतल्या बदकांची मान मुरगळायची. गोळी नाही, आवाज नाही, त्यामुळे तळ्यावरच्या बाकीच्यांना पत्ताच नाही.

वाऱ्याचं गणितही यात आहे. बदक उडताना वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणून त्या दिवशीचा वारा पाहून कुठला चर वापरायचा ते ठरायचं. चर एकापेक्षा जास्त का, ते मला तिथेच उमगलं. अशा सापळ्यांवर माणसाचा वास लपवायला धुमसता पीट (दलदलीतली जळाऊ माती) हातात धरायची रीत होती. मूळ विद्या डच लोकांची, ते तर ताटव्यांमधून एक लहानसा कुत्रा फिरवून बदकांचं कुतूहल जागवायचे. तिथून ती उत्तर समुद्राच्या काठाकाठाने वर सरकली. आज जर्मनीत असलेल्या फोर बेटावर १७३० साली आली आणि मग इकडे.

मला वाईट कशाचं वाटलं, ते नीट लिहायला हवं. मारण्याचं नुसतं नाही. पोटासाठी माणूस मारतो, आणि या वाळूत पिकत तरी काय होतं? वाईट याचं वाटलं की बदकाची चूक काहीच नव्हती. आपल्या जातभाईंवर विश्वास ठेवायचा, ते खातात तिथे खायचं, वाऱ्याकडे तोंड करून उडायचं. याच सवयींवर तर ते सैबेरियापासून इथवर पोहोचतं.

आणि तरीही त्या राखणदाराबद्दल मनात आदर आहे, तो लपवत नाही. वर्षानुवर्षं श्वास रोखून पाहिल्याशिवाय पाखराचं इतकं ज्ञान होत नाही. आपल्याकडच्या फासेपारध्यांची आठवण आली. तितर-लाव्यांची चाल, त्यांचा आवाज, वेळ हे सगळं त्यांना असंच ठाऊक. इंग्रजांनी त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, तो कायदा गेला तरी लोकांच्या नजरेतून अजून पुरता गेलेला नाही. इथे सापळ्याची डागडुजी करून तो अभिमानाने जपलाय. आमच्या पारध्याचं ज्ञान कुणी असं मांडून ठेवलं आहे का? हा प्रश्न मला परतीच्या बसमध्ये फार बोचला.

व्हिबोर्गचे एक शिक्षक, हान्स क्रिश्चन मॉर्टेन्सन, यांनी १८९९ साली स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेली अॅल्युमिनियमची कडी अडकवून सोडली. पक्ष्यांना शिस्तीने कडी घालायचं आजचं शास्त्र तिथून सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी फानोच्या सापळ्यांत सापडलेली चक्रांग बदकंही घेतली, कडी घातली आणि उडवून दिली. पश्चिम युरोपातल्या शिकाऱ्यांच्या हाती ती लागली, तेव्हा कड्यांवरून कळलं की ही पाखरं जातात कुठे. ज्या पेटीत मान मुरगळायची, त्याच पेटीतून काही बदकं नंबर घेऊन आभाळात गेली. आज पाहिलेल्या सगळ्यात मला हेच सर्वांत मोठं वाटलं.

डेन्मार्कने १९३१ साली हे सापळे कायद्याने बंद केले. २०१४ पासून इथला वॅडन समुद्र, म्हणजे ओहोटीला चिखल उघडा पडणारा हा उथळ किनारा, जागतिक वारसा आहे, शेजारच्या डच आणि जर्मन किनाऱ्यांना तो मान आधीच मिळाला होता. वर्षाकाठी कोटभर स्थलांतरी पक्षी या चिखलात उतरतात. दुपारी बांधावरून दुर्बिणीने पाहिलं तेव्हा विजन बदकांचे थवेच्या थवे होते. त्यांची ती शिट्टी वाऱ्यावर सतत येत राहते. दोन-चार तलवार बदकंही दिसली, नराची लांब सुईदार शेपटी लगेच ओळखू येते.

हीच तलवार बदकं आणि चक्रांग हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरलाही असतात. पाखरं वेगळी, मध्य आशियावरून येणारी, जात मात्र तीच. संध्याकाळी बाबांना फोन करून चराचं सगळं वर्णन सांगितलं. ते म्हणाले, "मग डिसेंबरात ये, निफाडला पहाटेच निघू." तिकिटाचं उद्या पाहते. जाताना मोठी दुर्बीण न्यायची, आणि या वेळी बदकांच्या पायांकडेही नीट बघायचं.