रद्द केलेले बॅक आणि मागे राहिलेला पत्ता

मागील नोंदीत ज्या दोषापाशी काम अडले होते, तो शनिवारी रात्री सुटला. वाचनालयाच्या नोंदवहीच्या वेब ॲपमध्ये एखादे पुस्तक संपादित करीत असताना ब्राउझरचे बॅक बटण दाबले आणि ‘बदल जतन केलेले नाहीत’ या इशाऱ्यावर ‘रद्द’ निवडले, की पडद्यावर संपादनाचाच व्ह्यू (दिसणारा भाग) राहत असे, पण पत्त्याच्या पट्टीत पुस्तकांच्या यादीचे टोकन (ॲपमधील जागा सांगणारा पत्त्याचा भाग) दिसे. त्या अवस्थेत कोणी पत्ता कॉपी करून पाठवला, तर समोरच्याकडे पुस्तकाऐवजी यादी उघडत असे.

जीडब्ल्यूटी या जावातून वेब ॲप लिहिण्याच्या चौकटीच्या २.१ आवृत्तीत, म्हणजे २०१० मध्ये, ॲक्टिव्हिटी (एका जागेचे काम सांभाळणारा वर्ग) आणि प्लेस (ॲपमधील जागा) यांची जी रचना आली, तिच्यातील क्रमच येथे आड येतो. जागा बदलणाऱ्या प्लेस कंट्रोलरचे ‘गो-टू’ आधी चालू ॲक्टिव्हिटीला ‘मे-स्टॉप’मधून विचारते, इशारा आला तर वापरकर्त्याची संमती घेते आणि त्यानंतरच जागा बदलल्याची घटना प्रसृत करते. ॲपमधील दुव्यावर क्लिक केले, तर संमती आधी आणि पत्ता नंतर, असा योग्य क्रम राहतो. बॅकच्या वेळी मात्र ब्राउझर पत्ता आधीच बदलतो आणि मग आपल्याला कळवतो. संमती नाकारली, तर प्लेस कंट्रोलर जागचा हलत नाही, परंतु पत्ता पूर्ववत करण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही.

पहिला उपाय म्हणून नकारानंतर जुने टोकन ब्राउझरच्या इतिहासाच्या रांगेत नव्याने ढकलले. संपादन ही रांगेतील शेवटची नोंद असेल, तर एक पाऊल मागे जाण्यापुरते ते अचूक ठरते, कारण पुढची नोंद पुसली जाऊन तिच्या जागी तीच नोंद परत येते. पण पुढे अहवालाचे पान असताना फॉरवर्ड दाबून नकार दिला, तर त्या अहवालाच्या पुढे संपादनाची दुसरी प्रत तयार होते, आणि बॅक बटण दाबून धरून दोन पावले मागे उडी घेतली, तर मधली यादीच रांगेतून नाहीशी होते. चालू नोंद बदलून पाहिली, तेव्हाही यादी गेलीच.

उघड झाले, की रांगेला धक्का न लावता तिच्यातील जागा तेवढी मागेपुढे करायला हवी, आणि त्यासाठी किती पावले सरकलो हे ठाऊक असायला हवे. सुदैवाने पत्ता आणि प्लेस यांचा मेळ घालणारा प्लेस हिस्ट्री हँडलर ‘हिस्टोरियन’ हा इतिहास हाताळणारा इंटरफेस बाहेरून स्वीकारतो. या चौकटीतील हा मला सर्वांत आवडलेला सांधा आहे. माझा हिस्टोरियन प्रत्येक नोंदीच्या स्टेटमध्ये (नोंदीसोबत साठवता येणाऱ्या माहितीत) अनुक्रमांक ठेवतो. ‘पॉपस्टेट’ ही इतिहासात सरकल्याची घटना आली, की नव्या आणि जुन्या अनुक्रमांकांतील फरक काढतो, टोकन पुढे पाठवतो, आणि प्लेस कंट्रोलरची जागा तशीच राहिली व तिचे टोकन पत्त्याशी जुळत नाही असे दिसले, तर तेवढीच पावले उलट जातो. कोणी पत्ता हाताने बदलला, तर नोंदीला अनुक्रमांकच नसतो. ती एक पाऊल पुढची धरली, की हिशेब जुळतो.

दोन ठिकाणी मात्र बराच वेळ गेला. जागा बदलली, की हँडलर प्रत्येक वेळी हिस्टोरियनला नवे टोकन देतो, बदल बॅकमुळे झालेला असला तरीही. जीडब्ल्यूटीची मूळ हिस्ट्री तेच टोकन पुन्हा आल्यास दुर्लक्ष करते; माझ्या हिस्टोरियनमध्ये ती तपासणी नव्हती, त्यामुळे प्रत्येक बॅक नवी नोंद ढकलत होते आणि एका पावलापलीकडे मागे जाताच येत नव्हते. दुसरे कारण सापडायला तीन संध्याकाळी लागल्या: इतिहासात पावले सरकवणारे ‘हिस्ट्री गो’ ताबडतोब परत येते, पण प्रत्यक्ष सरकणे नंतर घडते. ‘पुढची घटना गिळावी’ ही खूण मी लगेच उतरवत होतो, म्हणून माझ्याच माघारीची घटना वापरकर्त्याची समजली जाई. आता खूण घटनेच्या आतच उतरते.

हे सर्व जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनात, ब्राउझर न उघडता पकडता आले, याचे समाधान मोठे आहे. खोटा हिस्टोरियन म्हणजे एक यादी, एक निर्देशांक आणि उशिरा चालणारी कामांची रांग. व्ह्यू निष्क्रिय ठेवून निर्णय प्रेझेंटरकडे (व्ह्यूमागील तर्क सांभाळणाऱ्या वर्गाकडे) देण्याचा आग्रह मी का धरतो, त्याचे उत्तर या चाचण्यांत आहे. ‘प्लेस’च्या प्रत्येक उपवर्गात समानता ठरवणारे ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ लिहिले नाही, तर याच चाचण्या प्रथम तुटतात, हेही नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

यानंतर जतन केलेल्या शोधांचे टोकनायझर (प्लेसचे टोकन आणि टोकनाची प्लेस करणारे वर्ग) घेणार होतो, पण लिहितानाच वेगळे सुचले. ब्राउझरचा कन्फर्म संवाद मला कधीच आवडला नाही, आणि प्लेस कंट्रोलरचा संमती विचारणारा डेलिगेट होय किंवा नाही हे तिथल्या तिथे मागत असल्यामुळे स्वतःचा संवाद लावता येत नव्हता. आता डेलिगेट नेहमी ‘नाही’ म्हणेल, पत्ता मागे येईल, मग माझा संवाद उघडेल. वापरकर्त्याने ‘होय’ म्हटले, की साठवलेला फरक वापरून तेवढीच पावले संमतीसह पुन्हा जाता येईल. रांगेचा आकारही बदलणार नाही. त्यामुळे टोकनायझर पुढे ढकलले.

माघार पूर्ण होण्याआधी कोणी बॅक दुसऱ्यांदा दाबले, तर खूण चुकीची घटना गिळेल, ही उणीव अजून आहे. खुणेऐवजी अपेक्षित अनुक्रमांक साठवावा आणि आलेल्या घटनेचा अनुक्रमांक त्याच्याशी जुळला तरच ती गिळावी, असा विचार आहे. आज खोट्या हिस्टोरियनवर ‘मागे, रद्द, मागे’ या क्रमाची तुटणारी चाचणी आधी लिहितो.