घोडा बघितलो

शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. "वर्षातून एकदा मुंबईला जातेस, तर सिद्धिविनायक नाही, चौपाटी नाही, पाहुण्यांकडे पाऊल नाही. दिवसभर चित्रं कसली बघत हिंडतेस गं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

बेळगावात चित्रं नाहीत म्हणून मी रात्रभर बसमध्ये अवघडून जाते, असं नाही. के. बी. कुलकर्णींचं चित्रमंदिर, चित्रकला शिकवणारी शाळा, आपल्याच गावातली; चित्रकार रवी परांजपे तिथंच शिकले. पण इथं प्रदर्शनाला गेलं की चार ओळखीचे भेटतात, कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघतो आणि आपली पाठ चित्रांकडेच राहते. मुंबईत मला कुणी ओळखत नाही. एका वर्षी बाबांना सोबत नेलं, तोवर कारण एवढंच होतं.

बाबा बेळगावातल्याच वडगावचे. आधी हातमाग, मग पॉवरलूम, सगळा जन्म मागावर गेला. जहांगीर आर्ट गॅलरी 11 वाजता उघडते आणि तिकीट नसतं, हे ऐकून ते खूश झाले. आत गेल्यावर मात्र चित्रासमोर उभेच राहिनात. हात पाठीमागे बांधून ते कॅनव्हासच्या कडेला वाकले. रंग न पोचलेली दुमडलेली पट्टी तिथं दिसत होती. रखवालदार लगबगीनं आला.

"आजोबा, लांबून बघा."

"चित्र न्हाई, कापड बघालोय," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वीण साधीच हाय. पण ताणा कसा वडलाय बघ, एक दोरा सैल न्हाई."

मी इतकी वर्षं तिथं जातेय. कॅनव्हास हे कापड आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पलीकडे रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. 1911 सालचा जुना हॉल, 1996 पासून चित्रांचा. अर्धगोल मजले चढत चढत घुमटाखाली पोचायचं. बाबांचे गुडघे दुसऱ्या जिन्यावर बोलायला लागले, म्हणून उतरलो. (सोमवारी जाऊ नका, बंद असतं.)

फेब्रुवारी होता, त्याच भागात भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवाची गर्दी. 1999 पासून भरतो हा. एका कोपऱ्यात पथनाट्य चाललेलं, ढोलकी वाजत होती, पण बाबा थांबले ते अंगभर चंदेरी रंग फासून पुतळ्यासारख्या उभ्या असलेल्या पोरासमोर. त्याची पापणी कधी हलते याची वाट बघत पाच-सात मिनिटं गेली. आमच्याकडे बाजारात डोंबाऱ्याची पोरगी दोरीवर चालते, थाळी फिरायला लागली की गर्दी पांगते. इथं काहीच न करण्याचे पैसे! मला वाटलं, बाबा आता हेच बोलणार. ते खिशातून दहाची नोट काढत म्हणाले, "उभं ऱ्हायालाबी ताकद लागतंय. मी मागावर उभा ऱ्हायचो की."

जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चेहरे काढून देणारे बसतात. बाबांना बसवलं. चित्रकार म्हणाला, टोपी काढा. बाबा म्हणाले, काढत न्हाई. बघता बघता दहा-बारा माणसं गोळा झाली आणि जन्मभर गर्दीत उभा राहिलेला माणूस स्टुलावर ताठ बसून राहिला, त्या चंदेरी पोरासारखा, पापणी न हलवता. चित्र हातात आल्यावर म्हणाले, "नाक सरळ काढलंय. जादा पैसे घेटला का त्याचं?"

जाता जाता तो काळा घोडा दाखवला. मूळ पुतळ्यात घोड्यावर इंग्रजांचा राजा सातवा एडवर्ड होता, 1965 साली तो पुतळा राणीच्या बागेत हलवला. 2017 मध्ये नवा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय. आमच्या भागात पुतळा म्हटलं की आधी पोलीस बंदोबस्त आठवतो, त्यामुळे बाबांनी चारी बाजूंनी नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकू दारातच होत्या. "काय काय बघितलासा मुंबईत?"

"घोडा बघितलो," बाबा म्हणाले. "वर कोण न्हाई. बरं वाटलं."