30 किलोवॉटची सोलर एसएलडी: डीसी बाजू पुरी झाली

गेल्या खेपेस एसएलडीचा (सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे एकेरी रेषांत काढलेला विद्युत आराखडा) सांगाडा काढून झाला होता: पॅनेल, डीसीडीबी (डीसी बाजूची वितरण पेटी), इन्व्हर्टर (डीसीचा एसी करणारा), एसीडीबी (एसी बाजूची वितरण पेटी), मीटर, ग्रिड. आता रेषांशेजारी आकडे लिहायला घेतलेत, आणि सगळ्यात जास्त रमतो मी इथंच. चिन्हांनी कुठं काय आहे ते कळतं. ते तिथं का आहे, हे आकडे सांगतात.

550 वॉटचे 54 मॉड्यूल (पॅनेल), 18-18 च्या तीन स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या माळा), म्हणजे 29.7 किलोवॉट पीक. डेटाशीटवर व्हीओसी (काही न जोडता पॅनेलचा व्होल्टेज) 49.5 व्होल्ट. अठरांचे 891 होतात, पण शीटवर मी हा आकडा लिहीत नाही. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज चढतो. अंशामागे 0.27 टक्के धरले तर 25 ऐवजी 5 अंशांना स्ट्रिंग 939 व्होल्टवर जाते. इन्व्हर्टरची मर्यादा 1100 आहे, तेव्हा चिंता नाही. तरी स्ट्रिंगच्या रेषेवर 939 आणि शेजारी '5 अंश से.' असं दोन्ही लिहिलंय. तापमान न लिहिता दिलेला व्होल्टेज तपासणाऱ्याच्या काही कामाचा नसतो.

सर्वांत जास्त वेळ फ्यूजवर गेला. तिन्ही स्ट्रिंग डीसीडीबीत समांतर आहेत. एकीत दोष आला तर उरलेल्या दोघी तिच्यात उलटा करंट ढकलतात: आयएससी (शॉर्ट-सर्किट करंट) प्रत्येकी 14 अँपिअर, म्हणजे दोघींचा 28. मॉड्यूलवर कमाल सिरीज फ्यूज 25 चा छापलेला. म्हणून फ्यूज हवाच. आयएससीच्या दीडपट, म्हणजे 21 च्या वर, आणि 25 पर्यंत. 25 चा जीपीव्ही (सोलरसाठीचा खास) फ्यूज नेमका बसतो. इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना आणि अ‍ॅरेचा (सगळ्या पॅनेलच्या संचाचा) एकही पोल अर्थ केलेला (जमिनीशी जोडलेला) नाही, त्यामुळे फ्यूज प्लस आणि मायनस दोन्हीकडे दाखवलेत. तीच शीट दुसऱ्या प्रकारेही काढून पाहिली, प्रत्येक स्ट्रिंगला स्वतंत्र एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा इन्व्हर्टरचा इनपुट) देऊन. समांतर जोडच उरला नाही, आणि फ्यूजही गेले. दोन्ही शीट शेजारी ठेवून बघा, फार सुंदर दिसतं ते!

आयसोलेटरला (सर्किट तोडून वेगळं करणाऱ्या स्विचला) आयईसी 60617 या चिन्हांच्या मानकामधलं स्विच-डिस्कनेक्टरचं चिन्ह घेतलंय, संपर्कापाशी आडवी रेघ आणि छोटं वर्तुळ असलेलं. ब्रेकरची फुली इथं चालत नाही. शेजारी 'डीसी, 1000 व्होल्ट' हे लिहायलाच हवं. 50 हर्ट्झचा एसी करंट सेकंदात 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठणारी आर्क (ठिणगी) विझायला मदत होते. डीसीत तशी संधीच नाही.

एसपीडी (सर्जपासून, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, वाचवणारं उपकरण) टाइप 2 चा. त्याच्या अर्थच्या रेषेवर 'जोडवायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत' अशी टीप टाकलीय, कारण वायर लांबली की सर्जच्या वेळी तिच्यावरच बराच व्होल्टेज उभा राहतो.

एसी बाजूचं गणित सोपं: 30 किलोवॉटला तीन फेज 415 व्होल्टवर 41.7 अँपिअर, सव्वापट धरून 52, म्हणून 63 चा ब्रेकर. रेषेवर तीन फेजच्या तिरक्या रेघा मारल्यात. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या रेषा बाकी आहेत. पुढची नोंद त्यांच्यावर.